हिणकस वर्षं

इंग्लंडच्या ट्यूडर राणीने वडिलांच्या काळातली हिणकस नाणी बाजारातून परत घेतली आणि पुढच्याच महिन्यात त्या काळातली वर्षंही जमा करायला सांगितली. वडिलांनी लढायांच्या खर्चासाठी चांदीत तांबं मिसळलं होतं. ते पुढे इतकं वाढलं की दिवसांतही उतरलं. असल्या वर्षांवर राज्य कसं चालायचं?

वेनफर्ड गावची मार्जरी, लोकर विंचरून पोट भरणारी विधवा, आपली सात वर्षं फडक्यात बांधून चौकातल्या कचेरीत आली. ह्यूबरोबरचा तिचा संसार तेवढाच झाला होता, आणि नेमका त्याच काळात.

"सातची सव्वापाच मिळतील, बाई," कारकून क्रॉफ्ट म्हणाला. तो अदबीने बोलणारा माणूस होता. "वर्षाला नऊ महिने, हाच दर सगळ्यांना. पण शुद्ध. भांडणं, आजारपणं, पाव न मिळालेले दिवस, सगळं तांब्याबरोबर निघून जातं."

मार्जरीला ते बरंच वाटलं. तिने पहिलं वर्ष दिलं. मुशीतून ते लख्ख होऊन आलं. त्यात ह्यू काखेत बदक धरून दारात उभा होता, चिंब भिजलेला.

"हा असा ओशाळून का हसतोय?"

"आधी तुमचं भांडण झालं असणार."

"कशावरून?"

क्रॉफ्टने नोंदवही पाहिली. "ते तांब्यात गेलं. तांबं रस्त्याच्या कामाला पाठवतात."

मार्जरीने खूप आठवून पाहिलं. काही आठवेना. तरी हुकूम तो हुकूम. पुढची पाच वर्षं तिने एकेक करून दिली, दरवेळी जरा जास्त वेळ हातात धरून.

सातवं, ह्यू अंथरुणाला खिळल्याचं वर्ष, क्रॉफ्टने कसोटीवर घासलं.

"यात चांदी जवळजवळ नाहीच. यावर तुमचा फायदा आहे, बाई. नऊ महिने खजिन्यातले देतो. उत्तम आहेत."

"त्यात ह्यू असेल?"

"तशी हमी देता येत नाही."

"मग हे राहू दे."

"नाताळनंतर ते कुठेही चालणार नाही. कुणी ऐकूनसुद्धा घेणार नाही."

"मला ते कुठे खर्चायचंय?"

क्रॉफ्टने हुकूम पुन्हा वाचला. अशा उत्तरासाठी त्यात रकाना नव्हता. शेवटी त्याने समासात 'घरगुती वापरासाठी' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

पुलापाशी मार्जरी दम खायला टेकली. तांब्यामुळे गाठोडं जड होतं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिने गाठ सैल केली. आत ह्यू सूप अळणी झालं म्हणून कुरकुरत होता.

"हो रे बाबा," ती म्हणाली, "उद्या घालते मीठ."