घरातून डावं-उजवं हद्दपार

नकाशे काढायच्या कचेरीत बावीस वर्षं मान मोडून बसलेल्या त्या गृहस्थाने रविवारी मासिकातला एक लेख वाचला आणि त्याचं डोकंच फिरलं. दूर कुठेतरी म्हणे असे लोक आहेत, ज्यांच्या बोलीत डावं-उजवं नाहीच. ते सरळ 'तुझ्या पूर्वेच्या पायावर मुंगी चढलीय' म्हणतात. त्यामुळे त्यांची शेंबडी पोरंसुद्धा कधी वाट चुकत नाहीत.

"आणि आपण?" तो बायकोवर कडाडला (जणू भाषा तिनेच शोधून काढली होती). "डावं म्हणे, उजवं म्हणे! जो तो स्वतःभोवती फिरतोय! भाषा अशी, म्हणून डोकीही अशी! आजपासून या घरात डावं-उजवं बंद!"

"बरं," बायको म्हणाली. तिचं सगळं लक्ष दुसऱ्या दिवशी येणाऱ्या गवंड्याकडे होतं. ती मागच्या खोलीत कपडे शिवायची आणि अकरा वर्षं तिची गिऱ्हाइकं बनियनवर पसरलेल्या या नवऱ्याला ओलांडून आत जात होती. आता त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने स्वतःचं दार होणार होतं. पण गवंड्याला सवड एकाच दिवसाची होती. नंतर तो चार महिने परगावी जाणार होता.

सोमवारी ती दाराची चौकट आणायला गेली आणि तेवढ्यात गवंडी आला.

"कुठली भिंत फोडू साहेब? डावीकडची?"

"डावीकडची? कोणाच्या डावीकडची? तुझ्या, माझ्या की भिंतीच्या?" साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रस्ता उत्तरेला आहे, उत्तरेची भिंत फोड! ही!" आणि त्याने समोर बोट केलं.

"नक्की ना? ऊन तर इकडून..."

"उन्हाला काय कळतंय? बावीस वर्षं उत्तर मी काढतोय!"

गवंडी पहार मारू लागला. तासाभरात भिंतीला चांगलं घमेल्याएवढं भोक पडलं. पलीकडे शेजारच्या निवृत्त हेडबाई पलंगावर केस विंचरत बसल्या होत्या.

"कोण आहे रे?"

"आम्ही रस्ता शोधतोय बाई," गवंडी म्हणाला.

चौकट घेऊन आलेली बायको ते भोक बघून मटकन खालीच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अकरा वर्षं वाट बघितली हो मी. अर्धी सकाळ गेली की!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? उत्तर म्हणजे उत्तर!"

"कुठे आहे उत्तर?"

त्याने समोर बोट केलं. तिने उठून त्याला खांद्याला धरून खिडकीकडे वळवलं. "आता?" त्याने समोर बोट केलं. पुन्हा वळवलं, पुन्हा समोर. कागदावर उत्तर कायम वरच्या बाजूला. टेबलापाशी बसून बसून ती त्याच्या नाकासमोरच येऊन राहिली होती आणि नाक वळेल तिकडे वळत होती.

"साहेबांची उत्तर भलती प्रेमळ," गवंडी म्हणाला. "पाठ सोडत नाही."

"हा अपमान आहे!" साहेब ओरडले. "माझा आणि भूगोलाचा!"

भोकातून हेडबाईंचा आवाज आला, "अगं, मी पडदा लावते. माझं भोक बुजव सावकाश. आधी तुझं दार करून घे."

बायकोने पदराने डोळे पुसले. गवंड्याने रस्त्याकडची भिंत फोडायला घेतली आणि दुपारपर्यंत खोलीत उजेड आला. मग त्याने चौकट बसवायला जमिनीवर सिमेंटचा माल कालवला. साहेब मात्र मध्येच उभे राहून सूचना देत होते.

"अहो, आता एक शब्द बोलू नका. दक्षिणेला जाऊन बसा जरा!"

"जातो! या घरात ज्ञानाची किंमतच नाही!" असं म्हणून तो ताठ मानेने, पूर्ण आत्मविश्वासाने दक्षिणेकडे निघाला. म्हणजे उलटा चालत, पाठीमागे. चौथ्या पावलाला कालवलेल्या मालात त्याने बैठक मारली.

"हात द्या रे कोणीतरी!"

गवंड्याने वहिनींकडे पाहिलं.

"आधी यांच्या अंगावरचा माल खरवडून घ्या," त्या म्हणाल्या. "दाराला कमी पडायला नको."