कोपऱ्याच्या प्लॉटवर आरक्षण

वामनराव दाणी त्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात गप्प बसले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण ते उठले. कोणी उठवलं नव्हतं. स्वतःहून उठले.

गावाचा नवा विकास आराखडा व्हायचा होता. पुढं गाव कुठं वाढेल, रस्ता कुठून जाईल, शाळा कुठं, बगीचा कुठं, हे ठरवायचं होतं. त्यासाठी यवतमाळहून नगररचनेच्या मिताली मॅडम आल्या होत्या. वय लहान, चष्मा मोठा. त्यांनी गावातले डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याबरोबर प्लॉटच्या दलालांनाही बोलावलं होतं. दलालांचा सल्ला घेण्याची ही पहिलीच वेळ. (तोवर लोक त्यांचा सल्ला ऐकत आणि बरोबर उलट करत.)

वामनराव पूर्वी जिनिंगमध्ये कारकून होते. कापसाचे भाव बसले, जिनिंगला कुलूप लागलं आणि ते प्लॉटच्या धंद्यात आले. त्या वर्षांत कापसाला गिऱ्हाईक नव्हतं, पण कापूस ज्या जमिनीत पिकतो त्या जमिनीला होतं. पूनमसिंग राठोडांनी गावालगतच्या आपल्या शेतातली कपाशीची पऱ्हाटी उपटली आणि तिथं चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून लेआउट पाडला. प्लॉट विकून द्यायचे वामनरावांनी. दलालीत त्यांना एक कोपऱ्याचा प्लॉट.

तो कोपऱ्याचा प्लॉट म्हणजे मंजुषाबाईंचं घर होतं. बांधलं नव्हतं, एवढंच. मंजुषाबाई म्हणजे वामनरावांच्या पत्नी. भाड्याच्या खोल्यांत संसार करून त्या थकल्या होत्या. घरासाठी म्हणून वामनरावांनी याआधीही प्लॉट ठेवले होते आणि प्रत्येक वेळी विकून टाकले होते. मागच्या वेळी तर घात बाईंनीच केला. (असं वामनराव म्हणतात.) प्लॉट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला हटवावं म्हणून त्या म्हणाल्या, "ही जागा विकायची नाही. इथं आम्ही स्वतः घर बांधणार." गिऱ्हाईक उमरखेडचं होतं, हुशार होतं. दलाल स्वतः जिथं राहणार ती जागा सगळ्यांत चांगली असणार, असा त्यानं हिशोब केला आणि उभ्या उभ्या भाव वाढवला. वामनरावांचा हात आपोआप पुढं गेला.

त्या दिवसापासून बाईंनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. गिऱ्हाइकासमोर 'आमचं घर' हा शब्द काढायचा नाही.

या वेळी त्यांनी वाट पाहिली नाही. फक्की आणली आणि कोपऱ्याच्या प्लॉटवर स्वतःच्या हातानं घर आखलं. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी, पुढं पडवी. घराआधी झाडं लावली. कढीलिंब, जास्वंद, मोगरा. रविवारी दुपारी त्या डबा घेऊन जात आणि स्वयंपाकघरात बसत. पूनमसिंगांच्या पत्नी भुरीबाई दोन-चार बायांना घेऊन येत. पोरांनी बांधावरच्या निंबाला दोर बांधून झोका केला होता. वामनराव रेघ ओलांडून आले की मंजुषाबाई म्हणत, "भिंतीतून काहून येता? दार तिकडं आहे." मग वामनराव वळसा घालून दारातून येत. चपला बाहेर काढून.

तर सभागृहात भिंतीवर नकाशा लावला होता. बगीचा नाल्यापलीकडं दाखवला होता, हिरव्या रंगात. वामनराव उठले.

"मॅडम, नकाशा चांगला आहे. पण हा बगीचा कोणासाठी आहे?"

"लोकांसाठी," मॅडम म्हणाल्या.

"नाल्यापलीकडं लोक जात नाहीत. पावसाळ्यात बैलही जात नाही. मी रोज माणसं घेऊन जागा दाखवत फिरतो. बाईमाणूस पहिले काय विचारते? पाणी कुठून येते. मग विचारते, सांजेला एकटीनं चालता येईल का. हे तुमच्या नकाशात कुठंच नाही. रस्ता तुम्ही आखता तिकडं गाव जात नाही, मॅडम. गाव आधीच निघालं आहे. ते कुठं निघालं हे आम्हाला विचारा."

मॅडमनी पेन काढलं आणि लिहायला लागल्या. वामनरावांच्या जन्मात हे प्रथमच घडत होतं. त्यांचं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं. घरी तर ते कोणी पूर्ण ऐकतही नसे.

"मग बगीचा कसा हवा, तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या.

वामनरावांना बगीच्याची काही माहिती नव्हती. प्लॉटची होती. त्यांनी तीच दिली.

"कोपऱ्याचा पाहिजे. दोन्ही अंगांनी रस्ता. पूर्वेला मोकळं. पाण्याची टाकी जवळ. खाली मुरूम, म्हणजे चिखल नाही. सावलीला एक निंब. शेजार सज्जन."

"अशी जागा आहे का गावात?"

इथं वामनरावांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण 'अशी जागा आहे का' असं विचारल्यावर दलालाच्या घशात 'नाही' हा शब्द तयारच होत नाही. गिऱ्हाइकानं घराच्या मागं डोंगर आणि पुढं समुद्र मागितला, तरी यवतमाळ जिल्ह्यातला दलाल म्हणेल, उद्या दाखवतो.

"आहे ना," वामनराव म्हणाले. "रविवारी दाखवतो."

घरी आल्यावर ते खुर्चीत ताठ बसले.

"आज मी गावाला दिशा दिली," ते म्हणाले.

"दूध आणलं?" मंजुषाबाईंनी विचारलं.

दूध राहिलं होतं. त्यामुळं रविवारचं बोलणंही राहिलं.

वामनरावांना तशी काळजी नव्हती. प्रत्येक लेआउटमध्ये एक मोकळी जागा सोडावी लागते. तिला ओपन स्पेस म्हणतात. जी जागा कोणीच विकत घेत नाही, ती ओपन स्पेस असते. पूनमसिंगांच्या लेआउटमध्येही ती होती, पार खालच्या टोकाला. मॅडमना ती दाखवायची, असा वामनरावांचा बेत होता. शनिवारी ते सहज बघायला गेले, तर ओपन स्पेसवर कापसाची गंजी उभी. वर ताडपत्री. शेजारी बाज टाकून पूनमसिंग.

"पूनमसिंग, हे काय? उद्या मोठ्या मॅडम येणार आहेत."

"येऊ द्या ना. मले काय त्रास नाही."

"अहो, पण कापूस हलवा इथून."

"कुठं हलवू, दाणीसाहेब? घरात कापूस, पडवीत कापूस. पाहुना आला त त्याले कापसावरच झोपवून राह्यलो. भाव आला की उचलतो."

"भाव कधी येईल?"

"तुमच्या मॅडमले विचारतो उद्या. सरकारी हायेत, त्याईले माहीत असन."

आणि रविवारी त्यांनी खरंच विचारलं. मॅडमनी ताडपत्रीकडं पाहिलं, मग वामनरावांकडं.

"दाणीजी, निंब कुठं आहे? टाकी कुठं आहे? तुम्ही कोपरा म्हणाला होता."

एवढ्यात त्यांना दूरवर निंब दिसला. झोका दिसला. पलीकडं टाकीही दिसली.

"ते काय आहे तिकडं?"

"तिकडं काही नाही, मॅडम. ती जागा बघण्यासारखी नाही."

आपल्या जागेला दलाल स्वतः नावं ठेवतो, हे मॅडमनी कधी ऐकलं नव्हतं. त्या झपझप निघाल्या. वामनराव मागून धावले.

मंजुषाबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. समोरून एक परकी बाई येत होती, खांद्याला पर्स, हातात गुंडाळलेला नकाशा. मागून आपला नवरा, घामाघूम. बाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. गिऱ्हाईक. तेही रविवारी. तेही त्यांच्या जेवणाच्या वेळी.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"ताई, ही जागा कोणाची?" मॅडमनी विचारलं.

वामनराव मॅडमच्या पाठीमागून दोन्ही हात हलवत होते. 'आपली म्हण' असं त्यांना सुचवायचं होतं. मंजुषाबाईंनी त्याचा अर्थ लावला, 'सौदा मोडू नको'. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या खुणेचा अर्थ बायको लावेल तोच.

"सगळ्यांची," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे गावाची. पोरं खेळतात, बाया बसतात. इथं कोणी घर बांधायचं मनात आणू नये. आम्ही बांधू देणार नाही. काय हो, भुरीबाई?"

भुरीबाईंना प्रकरण कळलं नव्हतं. बाईंचा आवाज मात्र कळला.

"पाया खोदन त आमी बुजवून टाकू," त्या म्हणाल्या. मग आपल्या गोरमाटी बोलीत मागच्या बायांना काहीतरी सांगितलं. त्या बायाही उभ्या राहिल्या.

"अगं, तू जरा माझं ऐक," वामनराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या सवयी मला माहीत आहेत."

"बोलू द्या त्यांना, दाणीजी," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "कार्यालयात बसून हे ऐकायला मिळत नाही. आणि ताई, या फक्कीच्या रेघा कशाच्या?"

मंजुषाबाईंनी खाली पाहिलं. देवघर उजवीकडं होतं, ओटा डावीकडं. गिऱ्हाइकासमोर घराचं नाव काढायचं नव्हतं.

"पोरी लंगडी खेळतात," त्या म्हणाल्या, आणि पायानं स्वयंपाकघराची भिंत पुसून टाकली.

मॅडमनी फोटो काढले. झोक्याचा काढला, जास्वंदीचा काढला, बायांचा एकत्र काढला. वामनरावांना म्हणाल्या, "तुम्ही अगदी खरी जागा सांगितली होती. उगीच संकोच केलात." आणि जीपमध्ये बसून गेल्या.

मंजुषाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"कसं पळवलं गिऱ्हाईक?"

वामनराव न्हाणीत बसले. म्हणजे जिथं न्हाणी होणार होती तिथं, जमिनीवर.

"ते गिऱ्हाईक नव्हतं," ते म्हणाले.

"मग कोण होतं?"

"सरकार."

आराखडा जाहीर झाला तेव्हा कोपऱ्याच्या प्लॉटवर हिरवा रंग होता. बगीच्याचं आरक्षण. वामनरावांनी हरकत घेतली. सुनावणीला मॅडमनी त्यांच्याकडं चष्म्यातून बराच वेळ पाहिलं.

"दाणीजी, सूचना तुमची आहे आणि हरकतही तुमचीच आहे. मी कोणत्या दाणींचं ऐकू?"

वामनरावांना दोन्ही दाणी पटत होते. आरक्षण कायम झालं. मोबदला मिळेल, असं कार्यालयातले लोक म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत.

घरी मंजुषाबाईंनी भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर वामनराव सुटले असते. त्या फक्त रविवारी दुपारी घरीच बसायला लागल्या. डबा भरायच्या, आणि भाड्याच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून खायच्या. वामनरावांनी सांगून पाहिलं की तालुक्यात आपलं नाव झालं, व्यापारी रस्त्यात थांबवून विचारतात. बाई वाटी घासत राहिल्या.

एक दिवस मात्र त्या पदर खोचून निघाल्या आणि थेट पूनमसिंगांच्या दारात उभ्या राहिल्या. वामनराव मागं होते. त्यांना दाराबाहेर थांबायला सांगितलं होतं.

"पूनमसिंगभाऊ, बगीचा होणार म्हटल्यावर तुमच्या बाकीच्या प्लॉटला गिऱ्हाईक वाढलं का नाही?"

"वाढलं, ताई. मारेगावपासून लोकं येऊन राह्यले."

"ते कशानं वाढलं? माझ्या स्वयंपाकघरानं. माझं घर गेलं म्हणून तुमचा लेआउट उभा राहिला."

पूनमसिंग डोक्याचं पागोटं सारखं करत बसले. आतून भुरीबाईंचा आवाज आला, "खरं बोलून राह्यली ते. देऊन टाका बगीच्यासमोरचा."

"देतो," पूनमसिंग म्हणाले. "पन ताई, रजिस्ट्री तुमच्या नावानं करू. साहेबाच्या नावानं केली त कचेरीच्या पायऱ्या उतरता उतरता इकून टाकतीन."

वामनराव दाराबाहेर होते. त्यांनी ऐकलं आणि तिथूनच मान डोलावली.

घर झालं. छोटं झालं, पण विटांचं झालं. ओट्यासमोरच्या खिडकीतून बगीचा दिसतो. संध्याकाळी बाया येतात, एकट्यादुकट्या येतात, अंधार पडेपर्यंत बसतात. म्हणजे वामनरावांची सूचना बरोबरच होती. हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

पुढच्या वर्षी रस्त्यांच्या आखणीची सभा ठरली. नगरपालिकेचा माणूस बोलावणं घेऊन आला, तेव्हा वामनराव इस्त्रीचा सदरा घालायला आत गेले. बाहेर आले तर तो मंजुषाबाईंशी बोलत होता.

"मॅडमनं सांगतलं, दाणीबाईले नक्की आना. ते बाई एकदा बोलली की बदलत नाही."

वामनरावांनी मग लुना काढली. बाईंना मागं बसवून सभागृहापर्यंत नेलं. बाई आत गेल्या. वामनरावही निघाले, तर दारावरच्या शिपायानं हात आडवा धरला.

"बाईले घेऊन तुमी आले काय?"

"हो."

"ड्रायव्हर लोकं तिकडं बाभळीखाली बसून राह्यले."

वामनराव तिकडं गेले. तिथल्या दोघांनी सरकून जागा दिली. त्यातल्या एकानं तंबाखू पुढं केली आणि विचारलं, "तुमची बाई पगार काय देते?"

वामनरावांनी तंबाखूची चिमूट घेतली.

"जेवण," ते म्हणाले.