पाय निघत नाही

बाहेरच्या खोलीच्या जमिनीचं काहीतरी करायला हवं, असं एकदाचं ठरलं. आणि ते आपण स्वतःच करायचं, असं मिस्त्रींनी ठरवलं. पहिला निर्णय साऱ्या घराचा होता. दुसऱ्याची जबाबदारी घ्यायला घरातलं कुणी आजही तयार नाही.

मिस्त्री म्हणजे पेशानं मिस्त्री नव्हेत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टेबलामागं बसून माणसांना पुढच्या टेबलाकडं पाठवणं, हा त्यांचा पेशा. पण एकदा त्यांनी घरची दारावरची बेल दुरुस्त केली. तेव्हापासून बेल दाबली की स्वयंपाकघरातला दिवा जातो. (पाहुणे आल्याचं त्यांच्या बायकोला अंधारावरून कळतं.) त्या दुरुस्तीनंतर मजल्यावर सगळे त्यांना 'मिस्त्री' म्हणू लागले. चेष्टा होती ती. त्यांना पदवी वाटली.

तर मुद्दा होता सासूबाईंचा. आपल्या घरी न्हाणीच्या दारात त्यांचा पाय घसरला होता. हाड वाचलं, पण एकटीनं राहणं आता पुरे, असं दोन्ही लेकींनी ठणकावलं. राहायचं कुणाकडं, यावरून मात्र दोघींत धुसफूस सुरू झाली. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. "ज्या घरात माझ्या पायाला गार लागणार नाही आणि घसरायची धास्ती नाही, त्या घरात मी राहीन."

थोरलीकडं घरभर लाकडी फरशी होती. म्हणजे मिस्त्रींच्या साडूंकडं. आणि मिस्त्रींच्या बाहेरच्या खोलीत नुसतं काँक्रीट. बांधणाऱ्यानं वर काही घालायचं राहून गेलं होतं आणि मिस्त्री इतकी वर्षं 'बघू' म्हणत होते.

आता लोकांना वाटेल, जावयाला काय, सासू थोरलीकडं गेली तर सुंठेवाचून खोकला गेला. तसं मुळीच नव्हतं. मिस्त्रींना सासूबाई हव्या होत्या, आणि अगदी मनापासून हव्या होत्या. या जगात त्यांच्या विनोदांना हसणारी तेवढी एकच व्यक्ती उरली होती. शिवाय नवरा-बायकोची जुंपली की सासूबाई लेकीला म्हणायच्या, "जाऊ दे गं, त्यांचंही काही चुकत नाही." हे वाक्य ऐकायला मिस्त्री सासुरवाडीला जायचे. घरात ते त्यांना कुणी ऐकवलेलं नव्हतं.

म्हणून त्यांनी बेत आखला. अर्ध्या खोलीत लाकडी पट्ट्या आणि अर्ध्या खोलीत कार्पेट. लाकूड साडूंच्या नाकावर टिच्चून, कार्पेट सासूबाईंच्या पायांसाठी.

"काँक्रीटवर बसवायचंय ना? मग सिमेंट न्या," दुकानदार म्हणाला.

"किती गोण्या?"

"गोणी नाही हो, डबा. चिकटवायचं सिमेंट हे. रबरासारखं असतं."

"म्हणजे सिमेंट नव्हे."

"सिमेंटच. पण ते सिमेंट नव्हे."

मिस्त्रींनी मान डोलावली. कचेरीत अशी वाक्यं ते स्वतः रोज बोलत.

"लाकूड बसवताना नुसतं जमिनीला लावा, वर पट्टी ठेवा, दाबा, झालं," दुकानदार सांगू लागला. "कार्पेटच्या वेळी मात्र दोन्ही बाजूंना लावायचं. मग वाळू द्यायचं. बोटाला लागेनासं झालं की टेकवायचं. आणि एकदा टेकलं की टेकलं, बरं का. मग उचलायची भाषा नाही."

"दोन्ही बाजूंना," मिस्त्री म्हणाले.

"दोन्ही बाजूंना," दुकानदार म्हणाला.

आता यात चुकायला जागा कुठं होती? मिस्त्रींनी शोधून काढली.

लाकडाचं काम तसं झकास सुरू झालं. पहिली पट्टी सरळ बसली. दुसरी पहिलीला चिकटून बसली. पुढं मात्र प्रत्येक पट्टीनं आधीच्या पट्टीपेक्षा थोडं वेगळं मत मांडायला सुरुवात केली. शेवटची पट्टी भिंतीशी पोचली तेव्हा तिच्या एका टोकाला हात जाईल एवढी फट होती आणि दुसरं टोक भिंतीवर चढलं होतं.

"अहो, हे तिरकं नाही का झालं?" बायको दारातून म्हणाली.

"पट्ट्या सरळ आहेत. खोली तिरकी आहे."

"इतकी वर्षं नव्हती ती तिरकी."

"इतकी वर्षं तिला मापायला कुणी आलं नव्हतं."

मग कार्पेट. मिस्त्रींनी ते उलटं पसरलं, पाठीला डब्यातलं सिमेंट फासलं, वाळू दिलं आणि सुलटं करून काँक्रीटवर अंथरलं. मग उठून, कमरेवर हात ठेवून पाहिलं, आणि पुन्हा ब्रश उचलून वरच्या बाजूनं फासायला घेतलं.

"अहो! वरून कशाला?"

"दोन्ही बाजूंना लावायला सांगितलंय त्यानं."

"पण वरून? वर तर आपण चालणार!"

इथं मिस्त्री क्षणभर थबकले. ब्रश हवेत राहिला. एखादा साधा माणूस इथं सुधारला असता. पण मिस्त्रींचं डोकं असल्या वेळी फार वेगानं पळतं. "अगं, त्यातच तर सगळं आहे! आईंना धास्ती कशाची? घसरण्याची. आता खालून कार्पेट घसरणार नाही आणि वरून माणूस घसरणार नाही. घसरून दाखव म्हणावं!"

बायको आत निघून गेली. (पटलं म्हणून नव्हे. वासानं तिचं डोकं भणभणलं होतं.)

राहिली बोटाची परीक्षा. मिस्त्रींनी बोट टेकवलं, उचललं, काही लागलं नाही. पुन्हा टेकवलं, काही नाही. "वाळलं!" त्यांनी जाहीर केलं. दिवसभराच्या कामानं त्यांच्या बोटावर त्याच सिमेंटचा जाड थर वाळून बसला होता. त्या बोटाला मध लावला असता तरी कळला नसता.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात अंधार झाला. पाहुणे आले होते.

सासूबाई, थोरली ताई आणि साडू. सकाळी थोरलीचं घर बघून झालं होतं, आता धाकटीचं. साडू लाकडावर उभे राहिले आणि त्यांनी टाचेनं ठकठक केलं. "पोकळ वाजतंय हो," ते हसून म्हणाले.

"टाच वाजतेय ती," मिस्त्री म्हणाले.

सासूबाईंनी दारात चपला काढल्या. पायात लोकरीचे मोजे होते. मिस्त्रींनी त्यांना हाताला धरून कार्पेटवर नेलं. पावलागणिक कच् कच् असा बारीक आवाज येत होता.

"पायाला कसं धरून ठेवतंय हो हे!" सासूबाई म्हणाल्या.

"घसरायचं नाव नाही, आई!" मिस्त्रींची छाती फुगली.

कार्पेटच्या मधोमध खुर्ची होती. सासूबाई तिच्यावर बसल्या, पाय नीट टेकवले, आणि मग चहा, तब्येती, कुणाचं काय नि कुणाचं काय, अशा गप्पा रंगल्या. मिस्त्रींनी विनोद केला. सासूबाई हसल्या. मिस्त्रींनी तोच विनोद पुन्हा केला. त्या पुन्हा हसल्या. मिस्त्रींना वाटलं, जिंकलो.

"चल आई, निघू या," शेवटी ताई उठली. "तुझी खोली लावून ठेवलीय. ऊनही येतं तिथं."

सासूबाईंनी खुर्चीच्या हातांना धरून उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसल्या. चेहरा गोंधळलेला. हळूच म्हणाल्या,

"नाही गं... माझा पाय निघत नाही इथून."

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पाय निघत नाही?" ताईचा आवाज चढला. "माझ्याकडून तर सकाळी बरा निघाला! काय खुपलं तुला तिथं?"

"खुपायचा काय संबंध? निघत नाही म्हणजे नाही निघत. मी काय मुद्दाम करतेय?"

"ऐकलंस ना ताई?" बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली. "ती काही मुद्दाम करत नाहीये. आतूनच होतंय तिला."

"आतून नाही गं, खालून! मघापासून जोर लावतेय मी."

"किती झगडतेय स्वतःशी बिचारी!" बायकोला हुंदका आवरेना.

मिस्त्री पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "आई, नका जोर लावू मनावर. हे घर तुमचंच आहे."

"घर असू दे हो माझं!" सासूबाई ओरडल्या. "आधी पाय द्या माझा!"

आता कुठं सगळ्यांचं लक्ष खाली गेलं. सासूबाईंनी टाच उचलली तशी मोज्याची लोकर ताणली गेली आणि सोडल्यावर चटकन परत खाली बसली.

"काय लावलंय काय तुम्ही?" म्हणत साडू तरातरा कार्पेटवर आले, सासूबाईंच्या पायांशी गुडघा टेकवून बसले आणि तळहात दाबून बघायला गेले. तळहात दाबला गेला. मग तो तिथंच राहिला. गुडघाही राहिला. साडू मान खाली घालून, सासूबाईंच्या पावलांवर ओणवे, तसेच थिजले.

सासूबाईंना सवयच तशी. पायाशी कुणी वाकलेलं दिसलं आणि त्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला. "असू दे, असू दे. सुखी राहा."

"अहो आई, मी नमस्कार करत नाहीये! अडकलोय!"

मिस्त्रींनी दुकानदाराला फोन लावला.

"वरून लावलंत?" पलीकडून आवाज आला. "कार्पेटला? वरून?"

"दोन्ही बाजूंना म्हणालात तुम्ही."

"अहो साहेब, एक बाजू कार्पेटची आणि एक बाजू जमिनीची!"

"मग तसं म्हणायचं ना!"

"बरं, आता काय चिकटलंय?"

"सासूबाई. आणि साडू."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. "आणि कार्पेट? ते जमिनीला चिकटलंय का?"

मिस्त्रींनी कोपरा धरून वर केला. कार्पेट अलगद उठलं. जमिनीला सिमेंट लावलेलंच नव्हतं, मग धरणार कशाला? साऱ्या घराला धरून बसलेलं कार्पेट स्वतः मात्र मोकळं होतं.

पुढचा प्रसंग काही शोभेचा नव्हता. सासूबाईंचे मोजे कात्रीनं कापले. साडूंचा तळहात तेल चोळून सोडवला. पँटचा गुडघा मात्र कशालाच दाद देईना, तेव्हा तो कापून तिथंच ठेवावा लागला. साडू जिन्यानं उतरताना त्यांचा एक गुडघा गोल, उघडा, तेलानं चकाकत होता. (जिन्यात त्या वेळी बरीच मंडळी उगाचच उभी होती.)

"चल आई," ताई दारातून म्हणाली. "आता तरी निघतोय ना पाय?"

सासूबाईंनी अनवाणी पावलांकडं पाहिलं, मग धाकट्या लेकीकडं, मग तिरक्या पट्ट्यांकडं, आणि शेवटी मिस्त्रींकडं. मिस्त्रींनी श्वास रोखून धरला.

"तू जा," त्या थोरलीला म्हणाल्या. "मी इथंच राहते."

मिस्त्रींना गगन ठेंगणं झालं. "बघितलंत? आपुलकी असते ती! फरशीवर थोडीच ठरतं!"

"आपुलकीचं नंतर बघू," सासूबाई म्हणाल्या. "थोरलीचं घर धडधाकट आहे, तिथं माझं काय काम? हिला मात्र मदतीची गरज आहे."

"हिला? हिला काय झालंय?"

सासूबाई धाकट्या लेकीकडं वळून म्हणाल्या, "इतकी वर्षं तू सांगत होतीस आणि मी तुलाच गप्प करत होते. चुकलंच गं माझं."

त्या दिवसापासून घरातलं चित्र पालटलं. मिस्त्री विनोद करत. सासूबाई लेकीकडं बघत. लेक म्हणे, "आता पटलं?" सासूबाई म्हणत, "पटलं."

पुढच्या आठवड्यात फरशीचा खराखुरा कारागीर आला. त्यानं तिरक्या पट्ट्या बघितल्या, एक बोटानं उचलली, कार्पेटवरचा पँटचा गोल तुकडा बघितला, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"कुणी केलं हो हे?"

नवऱ्याची अब्रू ती आपली अब्रू, म्हणून बायको चटकन म्हणाली, "आधीचे भाडेकरू होते ना, त्यांनी."

स्वयंपाकघराच्या दाराआडून मिस्त्रींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"काय माणूस असेल!" कारागीर म्हणाला. "आता कुठं गेले हो ते?"

"जातायत कुठं!" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "तुमच्यासाठी चहा टाकायला सांगितलाय त्यांना."