मागच्या खोलीतला भोगवटादार

भाड्याने द्यायला दुसरं घर घेणाऱ्याने भावना उंबऱ्याबाहेर ठेवावी, हा मालमत्ता-सल्लागाराचा पहिला धडा. फी भरून मिळाल्यामुळे निवृत्त लेखाधिकारी असलेल्या आमच्या साहेबांनी तो मनावर घेतला. स्वतःच्या घराखालचाच फ्लॅट घेऊन त्यांनी तिथे एका कंपाउंडरला ठेवलं. करारात अटी होत्या: भिंतीला खिळा नको, तळणाचा धूर नको, पाहुणा दोन रात्रींपेक्षा जास्त नको. कंपाउंडर अडलेला होता, म्हणजे सल्लागाराच्या भाषेत उत्तम भाडेकरू होता. त्याने भिंतीवरचं घड्याळ खुर्चीवर ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसू लागला.

पुढे सल्लागार मालमत्तेचा आढावा घ्यायला साहेबांच्या घरी आला. चहा पिताना त्याची नजर मागच्या खोलीकडे गेली. तिथे साहेबांचे वडील, अप्पा, खिडकीशी बसून नखं कापत होते.

"हे कोण?"

"वडील आहेत माझे."

"ते दिसतंय हो. कुठल्या करारावर राहतात?"

साहेबांना घाम फुटला. करार नाही, भाडं नाही आणि ताबा मात्र वर्षानुवर्षांचा! वर भिंतीत चार खिळे. त्यातला एक अप्पांच्या दिवंगत पत्नीच्या फोटोसाठी होता. ती साहेबांची आई होती, हे खरं. पण प्लास्टरला नाती कळत नाहीत. असा भोगवटादार उद्या हक्क सांगू लागला तर कोर्टात जन्म जाईल, असं सल्लागार म्हणाला आणि दुसरं बिस्किट घेतलं.

साहेबांची बायको म्हणाली, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. मग तिनेच विचारलं, खोलीचं भाडं आलं तर न्हाणीघराची फरशी बदलता येईल का.

अप्पांशी अकरा महिन्यांचा करार ठरला. भाडं पेन्शनमधून, अनामत वेगळी. ओळख पटवायला नात्याबाहेरची सही हवी होती. अप्पांच्या ओळखीचे सगळे वर गेले होते आणि तिथून सही आणायची सोय नव्हती. शेवटी अप्पांनीच सांगितलं, "खालचा कंपाउंडर ओळखतो मला. रोज संध्याकाळी त्याच्याकडेच बसतो मी." कंपाउंडरने सही केली. अप्पांची ही रोजची ये-जा साहेबांनी खालच्या फ्लॅटच्या फाइलीत नोंदवून ठेवली.

अकरा महिने सरले. सल्लागाराने नवं भाडं बाजारभावाने लावलं, पेन्शनला मात्र बाजाराची खबर नव्हती. खोली सोडण्याची नोटीस साहेबांनी रीतसर टपालाने पाठवली, कारण जेवताना तोंडी दिलेली नोटीस कोर्टात टिकत नाही. पोस्टमन आला तेव्हा दार साहेबांनीच उघडलं.

अप्पांनी नोटीस वाचली, फोटो उतरवला, पिशवी भरली.

"खिळे काढलेत," ते मुलाला म्हणाले. "भोकं तेवढी राहिलीत. बुजवायचा खर्च अनामतीतून कापून घे."

अप्पा खाली कंपाउंडरकडे गेले. तिसरी रात्र उलटताच पाहुण्याच्या अटीवरून कंपाउंडरलाही नोटीस मिळाली. दोघं एकाच टेम्पोत सामान घालून निघून गेले. कुठे गेले हे विचारायचं कलम दोन्ही करारांत नव्हतं, म्हणून साहेबांनी विचारलं नाही.

ही हकीकत मी बऱ्याच घरांत सांगितली. ऐकणाऱ्यांचा संताप संताप होतो. असल्या माणसाच्या दारात पाऊल ठेवू नये, असंही कोणी म्हणतं. मग मला सोडायला जिन्यापर्यंत येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "पण काय हो, त्या खोलीला आता येतं किती?"

आकडा मला माहीत आहे. इथे मुद्दामच दिलेला नाही. तुम्हाला हवा असेल, तर आधी तुमच्या मागच्या खोलीत कोण झोपतं ते कळवा.