अस्वल नापास

"मला फक्त अर्धा तास द्या साहेब. अर्ध्या तासात सगळा गोंधळ मिटवून दाखवतो," असं मोडूमामा मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला. साहेबांनी तेव्हाच त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण साहेबांनाही तो गोंधळ मिटायला हवा होता, म्हणून त्यांनी हो म्हटलं आणि तिथेच घात झाला.

मोडूमामा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खेळणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तो परीक्षक होता, म्हणजे दिवसभर खेळणी मोडायचा पगार घेत होता. गाडीची चाकं खेचायची, बाहुलीचा हात पिरगळायचा, खुळखुळा उंचावरून आपटायचा. जे काही निघून हातात येईल ते एका नळकांड्यात टाकून बघायचं. नळकांडं लहान मुलाच्या घशाच्या मापाचं होतं. तुकडा त्यात मावला, की खेळणं नापास. भाच्यांनी त्याचं नाव मोडूमामा ठेवलं आणि ते असं चिकटलं, की कचेरीतला शिपाईसुद्धा त्याच्या माघारी तेच म्हणायचा. त्याला राग येत नसे. आपण मोडतो म्हणून मुलं वाचतात, असं त्याचं प्रामाणिक मत होतं, आणि ते खरंही होतं.

गोंधळ सुरू केला होता एका बातम्यांच्या वाहिनीने. कुठेतरी एका मुलाने प्लास्टिकची शिट्टी गिळली. ती त्याने खोकून बाहेर टाकली आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेतही गेला. पण वाहिनीने रिकामा पाळणा दाखवला, त्यावर रडकं संगीत लावलं, आणि 'खेळणं की काळ?' नावाची मालिका सुरू केली. लोक पोती भरभरून खेळणी कचऱ्यात टाकू लागले. सभागृहात एक बाजू म्हणाली, नियम कडक करा. दुसरी म्हणाली, छोटे कारखाने मरतील. आज कोणता नियम आहे हे दोन्ही बाजूंनी वाचलं नव्हतं. तो नियम बराचसा मोडूमामानेच लिहिला होता, त्यामुळे त्याच्या ते फार जिव्हारी लागलं.

पण त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. त्याची थोरली बहीण, ताई, लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत कापडी अस्वलं बनवायची. हाताखाली सात-आठ बायका होत्या. एक कापायची, दोघी शिवायच्या, बाकीच्या कापूस भरायच्या, आणि डोळे मात्र ताई स्वतः बसवायची. त्या कामाला ती कुणाला हात लावू देत नसे. वाहिनीची मालिका सुरू झाली आणि मोठ्या दुकानदाराने तिचा माल अडवला. "वातावरण निवळू दे ताई, मग बघू," म्हणाला. वातावरण निवळेना. अस्वलं छताला टेकली आणि बायका हात बांधून बसल्या.

"मी वाहिनीवाल्यांना प्रयोगशाळेत बोलावलंय," मोडूमामाने ताईला सांगितलं. "तुझंच अस्वल घेतो. सगळ्यांसमोर ओढून दाखवतो. बघच तू, दुकानदार उद्या दारात येतो की नाही."

"तू यात पडू नकोस," ताई म्हणाली.

"का? तुझ्या कामावर भरवसा नाही का तुला?"

"माझ्या कामावर आहे रे. तू चार माणसांत बोलायला लागलास, की मला धडकी भरते."

पण ऐकेल तो मोडूमामा कसला.

आता त्या प्रयोगशाळेची एक जुनी पद्धत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. ताण देण्याच्या यंत्राच्या तबकडीवर नियमाची हिरवी खूण होती. काटा तिथवर गेला आणि काही तुटलं नाही, तर खेळणं पास. तिथे थांबायला हरकत नसे. पण चांगलं खेळणं हाती लागलं, की परीक्षकांना थांबवत नसे. ते कुठवर टिकतं हे बघायला ते शेवटपर्यंत ओढत राहायचे. जे खूण मागे टाकून फार पुढे जाऊन तुटे, त्याला सगळे मिळून टाळ्या वाजवत. त्या खोलीत उशिरा तुटणं हा मान होता. बाहेर तुटणं म्हणजे तुटणंच असतं, हे मोडूमामा इतक्या वर्षांत साफ विसरून गेला होता.

वार्ताहरबाई आल्या, कॅमेरा आला. मोडूमामाने ठेवणीतला शर्ट घातला होता. ताईचं अस्वल यंत्रात अडकवून त्याने डोळ्याला चिमटा लावला आणि चाक फिरवायला घेतलं. काटा हिरव्या खुणेवर आला. डोळा जागच्या जागी.

"हे बघा, इथे पास झालं," तो म्हणाला. "आता गंमत बघा."

काटा दुप्पट पुढे गेला. डोळा हलेना. बाकीचे परीक्षक आपापली कामं टाकून भोवती जमले. काटा तिप्पटीला आला, अस्वलाचं थोबाड गाजरासारखं लांब झालं, आणि अखेर टणकन आवाज होऊन डोळा सुटला. खोलीत टाळ्या पडल्या. "शाब्बास! निघाला एकदाचा!" मोडूमामा आनंदाने ओरडला. मग बाईंना नीट कळावं म्हणून तो डोळा त्याने नळकांड्यात टाकला आणि समजावून सांगितलं, "हाच जर खुणेच्या आधी निघाला असता, तर असा मुलाच्या घशात अडकला असता."

बाईंनी त्याचे दोनदा आभार मानले. तो घरी गेला आणि ताईला फोन करून म्हणाला, "काम फत्ते."

संध्याकाळी बातमी लागली. तबकडी कुठेच नव्हती, हिरवी खूण नव्हती. डोळा तेवढा सावकाश, फार सावकाश निघत होता. त्याभोवती लाल वर्तुळ. मग मोडूमामाचा हसरा चेहरा. "शाब्बास! निघाला एकदाचा!" मग टाळ्या. मग डोळा नळकांड्यात आणि मोडूमामाचा आवाज: "असा मुलाच्या घशात अडकला." 'जर' वाहिनीने कापला होता आणि 'असता'सुद्धा. खाली पट्टी फिरत होती: 'चिमुकल्यांच्या जिवाशी खेळ, अधिकाऱ्याला हसू आवरेना'.

ताईचा फोन आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं.

"चर्चेला जातो आणि एका वाक्यात खुलासा करतो," मोडूमामा साहेबांना म्हणाला. साहेबांना जाणवलं, की हे वाक्य आपण याआधी ऐकलंय. पण वरून फोनावर फोन येत होते आणि कुणाला तरी पुढे करायचंच होतं.

चर्चेत पडद्यावर सहा चौकटी होत्या. एकीत घशाचे डॉक्टर, दोन चौकटींत सभागृहातल्या दोन्ही बाजू, एकीत कुणी निवृत्त सेनाधिकारी. ते कशासाठी आले होते हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्यांत जोरात तेच बोलत होते. पाचवीत मोडूमामा आणि सहावीत निवेदक.

"तुम्ही हसत का होता?" निवेदकाने विचारलं.

"अस्वल चांगलं होतं म्हणून."

"डोळा निघाला म्हणून आनंद झाला?"

"इतक्या उशिरा निघाला म्हणून झाला."

"म्हणजे तो लवकर निघेल अशी तुमची अपेक्षा होती?"

"अहो, मी फार जोर लावला होता. एवढी ताकद कुठल्याही लहान मुलाच्या अंगात नसते."

"प्रेक्षकहो, ऐका. हे म्हणतात, आपली मुलं दुबळी आहेत."

सेनाधिकारी संतापले. मोडूमामाने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात निवेदकाने कानाला हात लावला आणि चेहरा गंभीर केला.

"आत्ताच हाती आलेली माहिती. हे अस्वल तुमच्या सख्ख्या बहिणीच्या कारखान्यातलं आहे. खरं की खोटं?"

"खरं."

"बहिणीला वाचवताय तर."

"वाचवायचं असतं तर कॅमेऱ्यासमोर डोळा कशाला उपटला असता?"

"म्हणजे बहिणीशी वैर आहे?"

एकाच माणसाने एकाच बहिणीला एकाच वेळी वाचवलं आणि बुडवलं कसं, याचा मोडूमामा खरोखर विचार करू लागला. पडद्याखाली पट्टी आली: 'अधिकारी निरुत्तर'.

त्याचा असा पचका झाल्यावर सरकारला हालचाल करणं भाग पडलं. नियम कडक करायला वेळ लागतो, त्यासाठी नियम वाचावा लागतो. म्हणून एक सोपा उपाय निघाला. प्रत्येक खेळण्यावर लाल प्लास्टिकची इशाऱ्याची चकती. तिच्यावर लिहिलेलं, 'सावधान, लहान मुलांना धोका'. चकती सरकारच देणार आणि तिच्यासोबत ती लावायची टाचणीवजा पिनही सरकारचीच. चकतीला भोक पाडून ती शिवायची नाही, नाहीतर वरच्या सरकारी शिक्क्याला बाध येतो. मंत्र्यांनी पहिली चकती एका कापडी हत्तीच्या कानाला लावली, त्याचे फोटो छापून आले. हा नियम कारखान्यांना लागू होता. परदेशातून बोटीने येणाऱ्या खेळण्यांचा कारखाना इथे नसल्यामुळे त्यांना तो लागू नव्हता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेलही.

मग साहेबांनी मोडूमामाला बोलावलं. "तुमच्या ताईंच्या अस्वलाची फेरतपासणी करायची आहे. चकती लावून, कॅमेऱ्यासमोर, आणि तुमच्याच हातून."

"माझ्या हातून नको साहेब. बहीण आहे."

"म्हणूनच. दुसऱ्याने केली तर म्हणतील झाकलं."

"आणि मी केली तर?"

"तरी म्हणतील झाकलं. पण मग ते तुम्हाला म्हणतील."

या वेळी ताई स्वतः आली होती. भिंतीला टेकून उभी राहिली, पदर घट्ट धरून. पास झालं तर दुकानदार माल उचलणार होता. नापास झालं तर कारखान्याला टाळं. त्या सात-आठ बायकांना त्या दिवशी तिने घरी जाऊ दिलं नव्हतं, निरोपाची वाट बघत त्या कारखान्यातच बसल्या होत्या.

मोडूमामाने डावा डोळा ओढला. काटा हिरव्या खुणेवर आला तसं त्याने चाक सोडलं. आता पुढे एक केसभरसुद्धा जायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. उजवा डोळा टिकला. दोन्ही कान टिकले. नाक टिकलं. ताईने भिंत सोडली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसली.

"आता चकती," वार्ताहरबाई म्हणाल्या.

"चकती कशाला?" साहेब घाईघाईने म्हणाले. "चकती म्हणजे काही खेळणं नव्हे."

"नियमात काय म्हटलंय?" बाईंनी विचारलं.

नियम मोडूमामाला पाठ होता. 'खेळण्यावर जे जे काही लावलेलं आहे ते ते सर्व.' हे वाक्य त्याचंच होतं. एके काळी या वाक्यासाठी तो साहेबांच्या आधीच्या साहेबांशी भांडला होता. तो चकतीला चिमटा लावू लागला. साहेब त्याच्या कानाशी पुटपुटले, "हळू. अगदी हळू."

त्याने चाकाला नुसता हात लावला. काटा अजून हललाही नव्हता, आणि चकती गळून टेबलावर पडली. घरंगळत गेली. खोलीत टाळी वाजली नाही. मोडूमामाने ती उचलून नळकांड्यात सोडली. त्यासाठीच घडवल्यासारखी ती आत जाऊन बसली.

"काय लिहिताय सर?" बाई म्हणाल्या.

त्याने ताईकडे बघितलं. ताईने मान दुसरीकडे वळवली. बघू नये अशीच ती वेळ होती.

"नापास," तो म्हणाला. "पण कारण लिहून घ्या. अस्वल पास आहे. चकती नापास आहे. चकती सरकारची आहे."

बाईंनी ते लिहून घेतलं. कॅमेऱ्यानेही घेतलं. संध्याकाळी बातमी लागली: 'पुन्हा तेच अस्वल, पुन्हा निघाला तुकडा'. कोणता तुकडा, ते सांगायला वेळ पुरला नाही. पुढच्या बातमीत वाहिनीने स्वतःचं अभिनंदन केलं. चकती मागे घेता येत नव्हती, कारण ती मंत्र्यांच्या हस्ते लागली होती. त्यामुळे खेळणी मागे घेतली. आधी ताईच्या कारखान्याला टाळं लागलं, मग हळूहळू इतरांच्या. मोडूमामाच्या हातून एवढं मोडकाम आजवर कधी झालं नव्हतं.

बरेच दिवस त्याची ताईकडे जायची हिंमत झाली नाही. शेवटी एका दुपारी गेला. ताईने चहा टाकला. दोन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या, अस्वलं आता तिच्या घरात होती. खुर्चीवर अस्वल, पलंगावर अस्वल. बसायला जागा करताना त्याने एकाला उचललं आणि हाताच्या सवयीने त्याचा डोळा ओढून बघितला.

"सोड त्याला," ताई म्हणाली. "बिचारं पास झालंय."

तो ओशाळून बसला. मग म्हणाला, "ताई, मी दोन्ही वेळा खरं तेच बोललो गं."

"बोललास की. मी कुठे नाही म्हणते? एकदा तरी चुकून खोटं बोलला असतास, तर सात-आठ घरच्या चुली पेटत राहिल्या असत्या."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वार्ताहरबाई होत्या. आवाज मायेने ओथंबलेला.

"सर, आम्ही नवीन मालिका करतोय. 'छोटे कारखाने कुणी बुडवले?' फार संतापजनक विषय आहे हो. तुमच्या ताई येतील का? बोलायचं फार नाही. कॅमेऱ्यासमोर रडता येतं का त्यांना?"

मोडूमामाने ओठांवर आलेली शिवी गिळली. फोनचा आवाज मोठा होता, ताईने सगळं ऐकलं होतं. तिने शांतपणे चहा गाळला, कप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "येते म्हणावं. एकटी नाही, कारखान्यातल्या सगळ्याजणी येतो. त्यांनाही घरात बसून बसून कंटाळा आलाय. फक्त एक विचार. पूर्ण रडणं दाखवणार का? मध्ये कापायचं नाही."

त्याने विचारलं. पलीकडे बाईंनी कुणाशी तरी बोलून घेतलं.

"पूर्ण कसं जमेल सर? मध्ये जाहिराती असतात."

मोडूमामाने ते ताईला सांगितलं. ताईने पलंगावरची दोन अस्वलं बाजूला सारली आणि खाली बसली.

"मग राहू दे म्हणावं," ती म्हणाली. "आमचं रडणं जरा लांबलचक आहे."