राजा मेला तो मेलाच

जयवंत नाटकाच्या तालमीत तिसऱ्यांदा मेला आणि तिसऱ्यांदा उठून बसला. खाली डिलाईल रोडवरून मोर्चा चाललेला. बाहेर कुणी "संयुक्त महाराष्ट्र" म्हटलं, की ह्याची मूठ वर. "झालाच पाहिजे!"

"अरे, तू मेलायस!" नाटक बसवणारे गिरगावचे मनमोहन मास्तर ओरडले. "शोकांतिका आहे ही. नायक सोन्यासारखा असतो, अंगात एकच खोट असते, आणि तीच त्याला खाते. राजाची खोट गर्व. तुझी खोट ही मूठ!"

"आपोआप जाते वर, मास्तर."

"मग रविवारी स्पर्धेत भिवाच होईल राजा."

भिवा म्हणजे नाटकातला प्रधान. तो शेजारीच मरून पडला होता, तरी हसला. जयवंताचं डोकं सणकलं. चार वर्षं दारात भाला धरून उभा राहिल्यावर आत्ता कुठं राज्य मिळालेलं. गिरण्यांच्या नाटकांची स्पर्धा, सगळ्यांत भारी नटाला चांदीचं पदक. ते ह्या भिवाला?

"नाय उठणार," तो म्हणाला. "आईशप्पत!"

रविवारी दुपारी शेवटच्या प्रवेशाआधी त्यानं गिरणीतला कापूस दोन्ही कानांत ठासला. आधी प्रधान पडला, मग राजा. आणि काय मेला! बोट हललं नाही. माशी नाकावर बसली, फिरली, कंटाळून उडाली. डोळे मिटून तो पडद्याची वाट बघत राहिला. पडदा काही पडेना.

शेवटी कुणीतरी खांदा गदागदा हलवला. बघतो तर बायको, कालिंदी. त्यानं कापूस उपसला.

"उठा आता. हॉल रिकामा झाला."

"म्हंजे? आवडलं नाय लोकांना?"

"मोर्चा आला बाहेर. घोषणा ऐकली नि सगळे 'झालाच पाहिजे' करत पळाले. पडदेवालासुद्धा गेला. तुम्ही तेवढे लोळत पडलात. बायका मला विचारतायत, नवरा सरकारचा माणूस काय गो तुझा?"

जयवंत मुकुटासकट धावत सुटला. करी रोडच्या नाक्यावर त्यानं मोर्चा गाठला. स्पर्धेचे परीक्षक अप्पा, दादरचे रिटायर हेडमास्तर, घसा फाटेस्तोवर ओरडत होते.

"अप्पा, मी मेलो होतो!" जयवंत धापा टाकत म्हणाला. "मेलेला माणूस उठतो काय?"

अप्पांनी वर बोट दाखवलं. लोकांच्या खांद्यांवर भिवा बसला होता, छातीवर कुंकवाचं रक्त.

"प्रधान तुमच्या आधी मेला होता," अप्पा म्हणाले. "तो पहिला उठला. पदक त्याचं."