डबल बेल आणि केसांचा आकडा

"ज्या माणसाने एकतीस वर्षं पन्नास-पन्नास माणसांची बस चालवली, त्याला हे खेळणं चालवायला कुणी शिकवायचं?"

ड्रायव्हरसाहेबांनी हा सवाल टाकला तेव्हा समोर तिघं उभी होती. यंत्र पोचवायला आलेला मेकॅनिक, वृद्धाश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाई आणि साहेबांची बायको. खेळणं म्हणजे बसून चालवायचं गवत कापण्याचं यंत्र होतं. लाल रंगाचं, गोल स्टिअरिंगचं आणि पोटाखाली फिरती पाती असलेलं. मेकॅनिकने माहितीपुस्तिका साहेबांपुढे धरली. साहेबांनी ती न उघडताच बायकोच्या हातात दिली.

बायको काही साधीसुधी नव्हती. बावीस वर्षं ती त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. तिला सगळे 'मास्तर' म्हणत आणि लग्नानंतरही साहेबांच्या तोंडी तेच राहिलं. मास्तरांनी एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. पुढे संसारही त्याच नियमावर चालला आणि बरा चालला.

गोची झाली ती साहेब निवृत्त झाल्यावर! जेवताना ते डाव्या पायाने क्लच दाबत. स्वयंपाकघराच्या दारात मास्तर उभ्या दिसल्या की तोंडाने हॉर्न वाजवत. एकदा तर दुपारच्या झोपेत गिअर टाकायला गेले आणि मास्तरांचा कान पिरगळून बसले! त्यामुळे वृद्धाश्रमाच्या मैदानासाठी माणूस हवाय असं कळताच मास्तरांनी स्वतः जाऊन नवऱ्याचं नाव सुचवलं. मोठ्या बाईंनी एक आठवडा दिला. शनिवारी त्या मैदान बघणार आणि पसंत पडलं तर नोकरी पक्की. साहेबांना स्टिअरिंग मिळालं, मास्तरांना स्वयंपाकघर परत मिळालं आणि दोघांनाही बाईंचे आभार कसे मानावेत ते कळेना.

"साहेब, आधी पायी फिरून दगडधोंडे उचलायचे," मेकॅनिक सांगू लागला. "गवत ओलं असेल तर गाडी काढायची नाही. उतारावर वर-खाली चालवायची, आडवी नाही. इंजिन गरम असताना पेट्रोल भरायचं नाही. पात्याला हात लावण्याआधी किल्ली काढायची आणि प्लगची वायरही. आणि कुणी पुढे आलं तर सगळ्यात आधी पाती बंद!"

"बरं, बरं," साहेब म्हणाले. सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत होते. मास्तर मात्र पुस्तिकेच्या कडेला पेन्सिलने खुणा करत होत्या.

"आणि सीटखाली एक बटण आहे. पाती चालू असताना तुम्ही सीटवरून उठलात, तर इंजिन आपोआप बंद पडतं."

"उठतोय कशाला मी?"

उठतोय कशाला! एकतीस वर्षं साहेब प्रत्येक वळणावर सीटवरून अर्धवट उठून बसचा पुढचा डावा कोपरा बघत आले होते. मैदानाच्या पहिल्याच वळणावर ते सवयीने उठले. फुस्स! इंजिन बंद. साहेब बसले, किल्ली फिरवली, निघाले. दुसरं वळण आलं. फुस्स! तासाभरात सतरा वेळा इंजिन बंद पडलं. बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्यांना बऱ्याच दिवसांनी अशी करमणूक मिळाली होती.

"ड्रायव्हर, धक्का मारायचा का?" टोपीवाल्या आजोबांनी विचारलं. बाकीच्यांना हसून हसून ठसका लागला.

साहेबांच्या वर्मी घाव बसला. एवढंसं बटण आणि एकतीस वर्षांच्या अनुभवावर अविश्वास दाखवतं म्हणजे काय! दुपारी मास्तर बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी सीट उचलली आणि बटणाला लावलेला वायरीचा गट्टू उपटला. त्याच्या दोन खाचा जोडायला काहीतरी धातूचं हवं होतं. साहेब घरी गेले आणि आरशाखालच्या फळीवरून मास्तरांचा केसांचा आकडा घेऊन आले. दोन खाचांत आकड्याची दोन टोकं घुसवली, वर चिकटपट्टी गुंडाळली, काम फत्ते!

मग काय विचारता! साहेब उठले, वाकले, मागे वळून बघितलं, तरी इंजिन आपलं चालूच. टोपीवाल्या आजोबांना तर त्यांनी उभ्यानेच सलाम ठोकला. तो सलाम बाजारातून परतणाऱ्या मास्तरांनीही पाहिला.

"सुधारलं वाटतं यंत्र?" संध्याकाळी मास्तरांनी विचारलं.

"जरा समजावून सांगितलं त्याला."

"असं होय? आणि अहो, माझा आकडा कुठं दिसला का तुम्हाला?"

"तुझ्या आकड्याशी माझा काय संबंध?" साहेबांनी इतक्या निष्पाप चेहऱ्याने विचारलं की मास्तरांना लगेच सगळं समजलं. 

शनिवार उजाडला. साहेब दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले, तर मास्तर गळ्यात जुनी शिट्टी अडकवून यंत्रापाशी उभ्या!

"मी कडेनं चालते. डावीकडचं आणि मागचं मी बघते," त्या म्हणाल्या. "एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या चला. तुम्ही जागचं हलायचं नाही. मोठ्या बाई बघत असणार, सारखं उठबस करणं बरं दिसत नाही."

साहेबांना एकदम भरून आलं. निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्यांना कुणी 'चला' म्हटलं नव्हतं. सीटवर बसून त्यांनी वाट पाहिली. मास्तरांनी दोन शिट्ट्या दिल्या आणि साहेबांच्या अंगात एकतीस वर्षं परत आली. देवाने आपल्याला अशी बायको दिली याबद्दल त्यांना इतकं कृतज्ञ वाटलं की पहिला पट्टा थोडा वाकडाच गेला.

पण त्यानंतरचे पट्टे ओळीने सरळ! मास्तर शिट्टी देत, साहेब वळत. उठायची गरजच पडली नाही. इंजिन एकदाही बंद पडलं नाही, तेव्हा साहेबांनी मनातल्या मनात त्या आकड्याचेही आभार मानले. मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या राहून मान डोलावत होत्या. आता शेवटचे दोनच पट्टे उरले होते.

तेवढ्यात एक शिट्टी वाजली. साहेब थांबले. पुढे गवतात कुणाची तरी चप्पल पडली होती. मास्तरांनी हाताने खूण केली, पाती बंद करा. साहेबांनी मान हलवली, पण पाती बंद केली नाहीत. चप्पल उचलायची ती काय, दोन सेकंदांचं काम! त्यासाठी कोण पुन्हा पाती बंद-चालू करत बसणार? त्यांनी मान हलवली म्हणून मास्तर निर्धास्तपणे पुढे गेल्या आणि यंत्रापुढे वाकल्या.

आणि आश्रमाच्या स्वयंपाकघराच्या दारात आचाऱ्याने चहाची घंटा वाजवली. टण! टण!

अस्सल पितळी डबल बेल! साहेबांना काही कळायच्या आत त्यांच्या उजव्या पायाने पायडल दाबलं. यंत्र पुढे सरकलं. समोर वाकलेली पाठ, गवतावर टेकलेला हात! साहेबांना ब्रेक आठवला नाही, पाती आठवली नाहीत, एकतीस वर्षांतलं काहीच आठवलं नाही. "मास्तर!" असं किंचाळून ते सीटवरून ताडकन उठले आणि तोल जाऊन बाजूला गवतात पालथे पडले.

फुस्स!

 मास्तरांचा हात आणि यंत्र यांच्यात एका वितीचं अंतर उरलं होतं.

"ड्रायव्हर, धक्का..." टोपीवाल्या आजोबांनी सुरुवात केली, पण साहेबांचा चेहरा पाहून ते तिथेच थांबले.

साहेब गुडघ्यांवर रांगत मास्तरांपाशी गेले. आधी त्यांचा उजवा हात धरला, मग डावा. सगळी बोटं तपासली, पुन्हा तपासली. 

"पण... पण हे बंद कसं पडलं?" शेवटी ते कसेबसे म्हणाले. "ते बंद पडायलाच नको होतं, मास्तर! मी त्याला..."

मास्तरांनी हात मागे नेला, अंबाड्यातून एक वाकडातिकडा झालेला आकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्याला अजून चिकटपट्टी लागलेली होती.

"काल रात्रीच काढला मी. गट्टू होता तसा बसवला. पुस्तिकेत चित्र आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून ऐकता का कधी? तुम्ही दुसरा आकडा शोधला असतात. म्हटलं, यांना उठायचीच वेळ येऊ द्यायची नाही." मास्तरांनी यंत्राकडे पाहिलं. "आणि पाती बंद केली नव्हती होय तुम्ही? मान कशाला हलवलीत मग?"

साहेब गवतातच फतकल मारून बसले आणि लहान मुलासारखे रडले. मोठ्या बाई धावत आल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून सगळं सांगून टाकलं. बटण, आकडा, न उघडलेली पुस्तिका, खोटी हलवलेली मान, काहीसुद्धा लपवलं नाही.

"बाई, मला ही नोकरी देऊ नका," ते म्हणाले. "आज हिचा हात वाचला, याहून मला काही नको."

मोठ्या बाईंनी कापलेल्या मैदानाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

"नोकरी तुमचीच," त्या म्हणाल्या. "गवत छान कापलंय. पण किल्ली मास्तरांकडे राहील. आणि आचारीबुवा, उद्यापासून चहाला तीन ठोके!"

सोमवारी सकाळी साहेबांनी चष्मा लावून पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग मैदानभर पायी फिरून बादलीभर दगड गोळा केले. गवत वाळलंय का ते हात लावून पाहिलं. मास्तरांनी पुस्तिकेतल्या एकेका खुणेवर बोट ठेवून विचारलं, साहेबांनी एकेक उत्तर दिलं आणि तेव्हा कुठे किल्ली हातात पडली. साहेब बसले. इंजिन सुरू झालं, पाती फिरू लागली. मास्तर लांब बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन शिट्ट्या दिल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात शाबूत होते, एका हातात शिट्टी होती, अंबाड्यात तोच वाकडा आकडा होता. साहेबांचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत आपण हिचे आभार एकदाही मानले नाहीत! ते ताठ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर त्यांनी मास्तरांना कडकडीत सलाम ठोकला.

फुस्स!

"अहो, बसा खाली!" मास्तर ओरडल्या. "आभार बसूनही मानता येतात!"